‘लपाछपी’ आणि ‘छोरी’ : भयपटाच्या पुनर्निर्मितीतील भाषेचा प्रश्न

एखादा भयपट पुन्हा निर्माण केला असता तो यशस्वी झाला की नाही, हा प्रश्न बहुधा प्रेक्षक घाबरला की नाही एवढ्यावरच सोडविला जातो. ही कसोटी सोयीची असली तरी अपुरी आहे. अंधारात अकस्मात दार आपटले तर कोणीही दचकतो. त्यासाठी कथेची गरज नसते. भाषेची तर नसतेच. दचकणे आणि भय पावणे यांत अंतर आहे. दचकणे क्षणात विरते. भय मात्र प्रेक्षक ज्या गोष्टींवर नकळत विसंबून असतो त्यांना तडा गेल्यावाचून उत्पन्न होत नाही. म्हणून एका भाषिक समाजासाठी रचलेले भय दुसऱ्या समाजात नेताना कथानकाचा सांगाडा जसाच्या तसा उचलता येतो. परंतु कथानकाने ज्या विश्वासाला तडा दिला, तो विश्वास त्या दुसऱ्या समाजात असतोच असे नाही.

या दृष्टीने विशाल फुरिया यांचे दोन चित्रपट अभ्यासकाने शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. त्यांचा ‘लपाछपी’ हा मराठी भयपट २०१७ साली चित्रपटगृहांतून प्रदर्शित झाला. तीच कथा त्यांनी हिंदीत ‘छोरी’ या नावाने पुन्हा चित्रित केली आणि ती २६ नोव्हेंबर २०२१ रोजी ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर आली. अवघ्या काही वर्षांच्या चित्रपटास अभिजात म्हणणे घाईचे होईल, हे खरे. तथापि मराठीत भयपटांची परंपराच विरळ आहे. १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या वसंत जोगळेकरांच्या चित्रपटाची आठवण आजही निघते, याचे एक कारण त्याचे गुण, आणि दुसरे कारण हे की त्याच्या शेजारी उभे करावे असे फारसे काही नव्हते. अशा विरळ परंपरेत ‘लपाछपी’ला मूळ कृतीचा मान देण्यास हरकत नसावी.

दोन्ही चित्रपटांचे कथासूत्र थोडक्यात असे. आठ महिन्यांची गर्भवती स्त्री आणि तिचा कर्जबाजारी पती शहरातून पळ काढतात व आपल्या वाहनचालकाच्या गावी, उसाच्या फडांनी वेढलेल्या एकाकी घरात आश्रय घेतात. चालकाची पत्नी गर्भवतीची देखभाल करते. तेथे नायिकेला खेळणारी तीन मुले दिसतात, एक गूढ स्त्री दिसते, अंगाईचे सूर कानी पडतात; आणि हळूहळू त्या घराने गाडून टाकलेल्या मुलींच्या हत्येचा इतिहास उघडा होतो. मराठीत नायिका नेहा (पूजा सावंत), पती तुषार (विक्रम गायकवाड), चालक भाऊराव (अनिल गवस) आणि त्याची पत्नी तुळसाबाई (उषा नाईक). हिंदीत हेच चौघे साक्षी (नुसरत भरुचा), हेमंत (सौरभ गोयल), कजला (राजेश जैस) आणि भन्नोदेवी (मीता वशिष्ठ) होतात. नावे बदलली आणि भाषा बदलली, इतकाच फरक आहे असे प्रथमदर्शनी वाटते.

आपलीच कृती पुन्हा करण्याचा प्रयोग कोल्हापूरला अपरिचित नाही. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली मूकपट म्हणून केलेला ‘सावकारी पाश’ १९३६ साली बोलपटाच्या रूपात पुन्हा केला. लोकस्मृतीत राहिला तो मूकपटच. बोलपटाला शब्द मिळाले. परंतु शब्द मिळणे म्हणजे अर्थ मिळणे नव्हे. (जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. पेंटरांच्या कथेत कर्जामुळे शेतकरी गाव सोडून शहराच्या वाटेला लागतो. ‘लपाछपी’त कर्जामुळे शहरी माणूस गावाच्या उसात शिरतो. नव्वद वर्षांत सावकाराने दिशा बदलली, पाश तोच राहिला.) विदेशांतही अशी उदाहरणे आहेत. मिखाएल हानेके यांनी १९९७ चा आपला ऑस्ट्रियन चित्रपट ‘फनी गेम्स’ २००७ साली इंग्रजीत जवळजवळ चौकटीगणिक तसाच पुन्हा घेतला. ताकाशी शिमिझू यांनी २००२ चा ‘जू-ऑन’ हा जपानी भयपट २००४ साली ‘द ग्रज’ या नावाने अमेरिकन प्रेक्षकांसाठी केला. शिमिझूंनी तेथे एक शहाणपण दाखविले. पात्रे अमेरिकन झाली, भाषा इंग्रजी झाली, पण झपाटलेले घर त्यांनी तोकियोतच ठेवले. नव्या भाषेची माणसे जुन्या जागेत परकी ठरली आणि त्या परकेपणातूनच नव्या चित्रपटाला स्वतःचे भय मिळाले. ‘छोरी’ने भाषेबरोबर जागाही हलविली. प्रस्तुत विवेचनाचा रोख मुख्यतः या स्थलांतरावर आहे.

प्रथम शीर्षकांचा विचार करू. ‘लपाछपी’ हे मुलांच्या खेळाचे नाव. मराठीत या खेळाला ‘लपंडाव’ असाही शब्द आहे. परंतु तो कवितेत आणि वृत्तपत्रांत रुळला, ऊन-पावसाचा किंवा वीजपुरवठ्याचा झाला. ‘लपाछपी’ हा शब्द अजून अंगणातला आहे. या खेळात ज्याच्यावर ‘राज्य’ येते तो डोळे मिटून उभा राहतो. हा शब्दप्रयोग विलक्षण आहे: राज्य असणारा तोच आंधळा आणि एकटा. चित्रपटात राज्य नेहावर आहे, आणि तिच्याबरोबर प्रेक्षकावरही. मुले लपतात, ती शोधते. शोधता शोधता तिला उमगते की येथे लपलेले मूल सापडणे हेच अधिक भयंकर आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट या शब्दाच्या शेजारशब्दात आहे. ‘लपाछपी’ला लागूनच मराठीत ‘लपवाछपवी’ हा शब्द नांदतो. पहिला ‘लपणे’ या मूळ धातूवरून आलेला, दुसरा ‘लपविणे’ या प्रयोजकावरून. पहिल्यात माणूस स्वतः लपतो, तर दुसऱ्यात तो काहीतरी दडवितो. पहिला शब्द निरागस, दुसरा सरळसरळ अपराधाचा. कथेचा सारा प्रवास या एका प्रयोजक प्रत्ययाएवढा आहे. मुलांच्या लपाछपीमागे थोरांची लपवाछपवी आहे, हेच तर शेवटी कळते. मराठी प्रेक्षकाला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही; दुसरा शब्द त्याच्या कानात पहिल्याबरोबरच तयार असतो. शीर्षक अशा रीतीने रहस्य राखते आणि त्याच वेळी त्याची किल्लीही हाती देते.

‘छोरी’ या शीर्षकाने काय साधले? हिंदीत ‘लुका-छिपी’ हा शब्द उपलब्ध होता. मात्र त्याच्याशी जवळजवळ एकरूप नावाचा एक विनोदी चित्रपट २०१९ सालीच येऊन गेला होता, त्यामुळे व्यवहारात ती वाट अडली असावी. पण वाट अडली म्हणून बळीचेच नाव पाटीवर लिहावे, हे न्याय्य ठरत नाही. ‘छोरी’ हे ज्या कथेचे अखेरचे उत्तर आहे, तेच तिचे पहिले अक्षर झाले. प्रेक्षक पहिल्या दृश्यापूर्वीच जाणतो की प्रश्न मुलीचा आहे, आणि त्यानंतर गर्भवती नायिका, वडीलधारी बाई व एकाकी घर एवढे दिसले की उरलेले गणित तो मनात सोडवून टाकतो. मूळ चित्रपटाने जे तास-दीड तास राखले, ते पुनर्निर्मितीने नाममुद्रेवरच खर्चून टाकले.

शीर्षकाची ही चूक केवळ निवडीची म्हणून सोडून देता आली असती. परंतु तिच्यामागे दोन भाषांच्या व्याकरणातील एक भेद उभा आहे, आणि तो कोणत्याही दिग्दर्शकाच्या इच्छेवर अवलंबून नाही. मराठीत तीन लिंगे आहेत, हिंदीत दोन. मराठीत गर्भातल्या किंवा पाळण्यातल्या जिवाला जे शब्द आहेत ते जवळजवळ सर्व नपुंसकलिंगी: मूल, बाळ, लेकरू, तान्हे, पोर. ‘मूल हालते’, ‘बाळ झोपले’, ‘लेकरू रडले’ असे म्हणताना ते मुलगा की मुलगी हे भाषा सांगत नाही, आणि तिला सांगावेही लागत नाही. बाळंतिणीच्या खोलीबाहेर विचारला जाणारा प्रश्नही ‘काय झालं?’ असा नपुंसकलिंगी आहे. उत्तरात ‘झाला’ किंवा ‘झाली’ येईपर्यंत व्याकरण दोन्ही शक्यता समान अंतरावर धरून ठेवते. हिंदीत हे शक्य नाही. तेथे बोलीव्यवहारात गर्भातला जीव ‘बच्चा’ असतो, म्हणजेच पुल्लिंगी, ‘क्या हुआ?’ या प्रश्नातच पुल्लिंग बसलेले असते. ‘संतान’ आणि ‘औलाद’ हे हिंदी शब्द स्त्रीलिंगी आहेत, ही हरकत कोणी घेईल. पण पोटावर हात ठेवून बाई त्या शब्दांनी बोलत नाही. ते शब्द आशीर्वादाचे, शापाचे किंवा न्यायालयाचे आहेत.

या भेदाचा कथेशी संबंध काय, असे विचारले जाईल. गर्भाचे लिंग हाच जिचा गाभा आहे त्या कथेत याहून निकटचा संबंध कोणता असू शकेल? मराठी चित्रपटात तुळसाबाई आणि नेहा पोटातल्या जिवाविषयी कितीही बोलल्या, तरी त्या बोलण्यात लिंगाचा प्रश्न उघडाही होत नाही आणि मिटतही नाही. ‘बाळ’ हा शब्द दोघींच्या मुखी एकच राहतो. प्रत्येकीच्या मनात मात्र तो वेगळा. व्याकरण स्वतःच लपाछपी खेळते. हिंदीत भन्नोदेवी ‘बच्चा’ म्हणते तेव्हा तिची इच्छा व्याकरणाने आधीच उच्चारलेली असते. भाषेचे वळणच असे असल्याने श्रोता त्याकडे सहसा लक्ष देत नाही, हे कबूल. परंतु ज्याकडे लक्ष जात नाही, तेच भयपटात काम करीत असते. हिंदी पटकथेला हे कळले असते, तर ‘बच्चा’ या शब्दाच्या पुल्लिंगालाच तिने पकडले असते, नायिकेकडून त्याला अडखळविले असते. तशी जाग तीत दिसत नाही. मराठीत फुकट मिळालेली गोष्ट हिंदीत गेली, आणि गेल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

दुसरा भेद नात्यांचा. महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी, हा प्रघात इतका रुजलेला आहे की त्याचा उल्लेखही करावा लागत नाही. आठवा महिना सरत आलेली नेहा माहेरी न जाता चालकाच्या घरी जाते, तेव्हा मराठी प्रेक्षकाच्या मनात पहिली खोच तेथेच बसते. अजून भूत नाही, अंगाई नाही. पण क्रम मोडला आहे. आणि म्हणूनच तुळसाबाई तिला जेवू-खाऊ घालते, सांभाळते, दटावते, तेव्हा ती कोणाची जागा घेते हे स्पष्ट असते: रिकाम्या राहिलेल्या आईची. प्रेक्षक तिला ती जागा आनंदाने देतो. भय नंतर येते ते या दानाची फसवणूक म्हणून.

उत्तरेकडील अनेक भागांत चित्र वेगळे आहे. तेथे बाळंतपण सासरी होण्याचा प्रघात दूरवर आढळतो. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेसंस्थेवरील इंग्रजी ग्रंथात उत्तर, मध्य व दक्षिण विभागांचा जो भेद दाखविला, तो येथे उपयोगी पडतो. उत्तरेत मुलगी गावाबाहेर, गोत्राबाहेर, पूर्वी नाते नसलेल्या कुळात दिली जाते. देणारे आणि घेणारे यांच्यामध्ये एक रेषा असते. महाराष्ट्रात, विशेषतः दक्षिण महाराष्ट्रात, मामाच्या मुलीशी विवाह रूढ असल्याने ती रेषा पुसट आहे. मुलीची आत्याच तिची सासू होऊ शकते. भाषेने हे नोंदवून ठेवले आहे: प्रत्यक्षात आत्या नसलेल्या सासूलाही जुन्या घरांतून ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हटले जाई, कोल्हापूरच्या ग्रामीण भागात ‘आत्ती’ हा एकच शब्द दोन्ही नात्यांना पुरतो. अर्थात महाराष्ट्रात सासुरवास नव्हता असा याचा अर्थ नव्हे. जात्यावरच्या ओव्या नेमका उलट पुरावा देतील. परंतु येथे वडीलधाऱ्या बाईच्या ठिकाणी माया आणि सत्ता एकत्र नांदतात, आणि दोहोंतील सीमा शब्दानेही आखून दिलेली नाही.

तुळसाबाईचे सारे भय या न आखलेल्या सीमेत आहे. ती आई की सासू, हे प्रेक्षकाला ठरविता येत नाही. भन्नोदेवी मात्र दारात उभी राहताच सासू आहे. घर परके, गाव परके, बाई डोक्यावर पदर घेतलेली आणि शब्दाला धार असलेली. हिंदी चित्रपटांनी आणि दूरदर्शन-मालिकांनी या प्रतिमेचा इतका सराव करून दिलेला आहे की तिच्याकडून प्रेक्षक काही चांगल्याची अपेक्षाच करीत नाही. जिच्यावर विश्वासच ठेवला नाही, तिच्याकडून विश्वासघात कसा होणार?

अभिनेत्रींच्या निवडीनेही हा भेद गडद केला आहे. उषा नाईक यांना मराठी प्रेक्षकाने ‘एक हजाराची नोट’ (२०१४) या चित्रपटात बुढीच्या भूमिकेत पाहिलेले होते: दरिद्री, एकटी, कोणाचेही वाईट न चिंतणारी म्हातारी. ती स्मृती घेऊनच तो ‘लपाछपी’ला बसला, आणि तुळसाबाईने त्या स्मृतीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. मीता वशिष्ठ या उच्च प्रतीच्या अभिनेत्री आहेत. मणी कौल यांच्या ‘सिद्धेश्वरी’पासून त्यांच्या चेहऱ्यातील तीव्रता परिचित आहे. भन्नोदेवीत त्यांनी एकाच वाक्यात ममता आणि दरारा आणला आहे. ‘छोरी’तील सर्वांत समर्थ गोष्ट कोणती, तर ही. परंतु ती तीव्रता प्रथमपासूनच दिसते. पुनर्निर्मितीत अभिनय सरस झाला आणि फसवणूक कमी झाली, असा हा विचित्र हिशेब आहे.

आता उसाकडे वळावयास हवे. दोन्ही चित्रपटांत ऊस हा चक्रव्यूह आहे. नायिका धावते आणि पुन्हा त्याच घरापाशी येते. ही कल्पना किती खरी, हे पाहण्यासाठी करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारखे गाव डोळ्यांसमोर धरावे. कोल्हापूर-हुपरी मार्गावरचे हे गाव. एका बाजूला उजळाईवाडीचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला गांधीनगरची पेठ आणि उरलेल्या दिशांना ऊस. येथील प्रेक्षकाला ऊस म्हणजे काय हे ठाऊक आहे. सरी कोणीकडून कोणीकडे जाते आणि बांध कोठे लागतो, हे त्याला अंधारातही कळते. त्यामुळे उसात वाट चुकण्याच्या दृश्याला तो घाबरणार नाही, किंबहुना क्वचित हसेलही. पण त्याला दुसरी एक गोष्ट ठाऊक आहे, जी शहरी प्रेक्षकाला नाही. आडसाली लावणीचा ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो. एक गर्भ राहून, जन्मून, रांगू लागेपर्यंतचा हा काळ. तेवढ्या अवधीत त्या फडात काय आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही. पाल्याच्या धारेने अंग कापते, कुसळांनी खाजते, म्हणून कामावाचून कोणी आत शिरत नाही. आणि गाळपाचा हंगाम आला, तोडकऱ्यांच्या टोळ्या उतरल्या की चार दिवसांत सारे रान मोकळे होते. समोरासमोरची घरे, जी वर्षभर एकमेकांना दिसत नव्हती, एकाएकी दिसू लागतात. लपवाछपवीला याहून अचूक रूपक सापडणे कठीण. ‘लपाछपी’ने या रूपकाचा अर्धाच उपयोग केला: ऊस उभा दाखविला, तुटलेला दाखविला नाही. ‘छोरी’ने तो उसाला परिचित नसलेल्या प्रेक्षकासाठी अधिक उंच, अधिक घनदाट, अधिक देखणा करून दाखविला. छायाचित्रण निःसंशय वरचढ आहे. परंतु पिकाचे आरास झाले की ते कोणत्याही प्रांतात उगवू शकते.

गडमुडशिंगीचा प्रेक्षक घेण्याचे आणखी एक कारण आहे. गांधीनगर ही फाळणीनंतर वसलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत व बाजारपेठ असल्याने तेथे हिंदी आणि सिंधी रोज कानावर पडते. गडमुडशिंगीच्या माणसाला हिंदी परकी नाही. ती त्याची बाजाराची, प्रवासाची, करमणुकीची भाषा आहे. ‘छोरी’तील प्रत्येक वाक्य त्याला समजेल. परंतु समजणे आणि आत उतरणे यांत जे अंतर आहे तेच बाजाराच्या भाषेत आणि माजघराच्या भाषेत आहे. बाळंतिणीशी, पाळण्याशी, देव्हाऱ्याशी ज्या भाषेत बोलले जाते, त्याच भाषेत क्रौर्य बोलू लागले म्हणजे जे होते, ते बाजाराच्या भाषेत होत नाही. चित्रपटांतील ग्रामीण मराठी ही कोणत्याही एका तालुक्याची बोली नसते, ती बोलपटांनी घडविलेली सरसकट बोली असते, हा आक्षेप ‘लपाछपी’वरही घेता येईल आणि तो रास्त ठरेल. तरी ती माजघरातलीच आहे. ‘छोरी’तील उत्तरेकडील वळणाची बोली हिंदी प्रेक्षकांपैकी बहुसंख्यांच्याही माजघरातली नाही; महानगरातील प्रेक्षकाला ती ‘तिकडच्या’ लोकांची भाषा वाटते.

‘तिकडच्या’ या शब्दापाशी चर्चेचा गंभीर भाग सुरू होतो. कन्याहत्येचा इतिहास इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत प्रामुख्याने काठेवाड, राजपुताना, पंजाब व वायव्य प्रांत यांच्या नावे लिहिला गेला. १८७० चा बालिकाहत्या-प्रतिबंधक कायदाही मुख्यतः उत्तरेकडील मुलखास उद्देशून होता. तेव्हापासून हा अपराध उत्तरेचा, अशी समजूत सुशिक्षित महाराष्ट्राने सुखाने बाळगली. जनगणनेचे आकडे या सुखाला साथ देत नाहीत. २००१ साली शून्य ते सहा या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे हरियाणात ८१९ मुली होत्या. महाराष्ट्राची सरासरी ९१३ होती, पण कोल्हापूर जिल्ह्याचा आकडा ८३९ होता. शाहू महाराजांचा वारसा सांगणारा, सधन, सिंचित, साखर कारखान्यांचा जिल्हा हरियाणापासून अवघ्या वीस अंकांवर उभा होता. गर्भलिंगनिदानास बंदी घालणारा १९९४ चा कायदा तेव्हा लागू होऊन पाच वर्षे झाली होती. पुढे २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांवर देखरेख ठेवणारी ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ ही योजना याच जिल्ह्यात राबविली. कथाकार या नात्याने ‘सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी’ या पुस्तकातून त्यांनी हाच विषय हाताळला. येथे अपराध विहिरीकाठी घडत नव्हता, दवाखान्याच्या स्वच्छ खोलीत घडत होता. त्याला भूतही उरत नव्हते.

‘लपाछपी’चे मोल येथे आहे. तिने कन्याहत्येचे भूत उसाच्या पट्ट्यात, मराठी घरात, मराठी आईसारख्या दिसणाऱ्या बाईच्या पदरात आणून ठेवले. प्रेक्षकाला ‘हे आमच्याकडे नसते’ असे म्हणण्याची सोय तिने ठेवली नाही. ‘छोरी’ने तीच कथा उत्तरेकडे नेली आणि ही सोय पुन्हा उपलब्ध करून दिली. जेथे हा अपराध असतो अशी सर्वांची आधीच खात्री आहे, तेथेच तो सापडला. तेव्हा हळहळ झाली, चीड आली, पण भय कोठून येणार? भरताने भयानक रसाचा उगम बीभत्सात सांगितला आहे. ‘छोरी’त प्रवास उलटा होतो, भयानकाकडून बीभत्साकडे आणि तेथून उपदेशाकडे. अखेरच्या भागात पात्रे परिस्थिती समजावून सांगू लागतात. हा दोष मूळ चित्रपटातही आहे, हे सांगितले पाहिजे. तेथे तो थकव्यासारखा वाटतो, येथे हेतूसारखा.

यावर कोणी म्हणेल की, भाषा बदलली की जागा बदलणे अपरिहार्यच असते. तसे नाही. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हिंदीत आहे. परंतु त्यातील वाडा, पाऊस, माणसांची आडनावे आणि त्यांचा लोभ कोकणातलाच राहिला. उलट बाजूने पाहिले तर नारायण धारपांनी स्टीफन किंग यांच्या कथेवरून ‘आजी’ ही मराठी कथा रचली, तेव्हा त्यांनी जागा बदलली. पण ती बदलताना मराठी घरात आजी या नात्याभोवती जे जे असते ते सर्व कथेत ओढून घेतले. म्हणजे दोन मार्ग आहेत: जागा राखावी, किंवा नव्या जागेचे नाते-गोते मुळापासून नव्याने विणावे. ‘छोरी’ने तिसरा मार्ग घेतला. सांगाडा मराठी ठेवून तिने वस्त्रे तेवढी उत्तरेची चढविली.

तरीही ‘छोरी’ पूर्णतः फसली असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठीत मर्यादित प्रेक्षकांपर्यंत गेलेली कथा तिने देशभर आणि देशाबाहेर पोहोचविली. चित्रपटगृहांचा व्यवहार साथीमुळे विस्कळीत झाला असता घरोघरच्या लहान पडद्यावर ती पाहिली गेली. नायिकेला तिने अधिक स्वत्व दिले. साक्षी ही नेहापेक्षा अधिक बोलती, अधिक विचार करणारी आहे आणि नुसरत भरुचा यांनी ती प्रामाणिकपणे उभी केली आहे. मूळ चित्रपट न पाहिलेल्या प्रेक्षकाला ‘छोरी’ हा सुबक भयपट वाटेल, आणि तसा तो आहेही. एप्रिल २०२५ मध्ये तिचा दुसरा भाग आला, तेव्हा कथा मराठी मूळापासून सुटून स्वतःच्या वाटेने गेली. तुलनेचा अधिकार तेथे संपतो.

‘लपाछपी’ पुन्हा करावयाचीच होती, तर ती कोणत्या भाषेत अधिक सुरक्षित राहिली असती, हा प्रश्न मात्र शिल्लक उरतो, आणि त्याचे उत्तर गडमुडशिंगीहून फार दूर नाही. दक्षिणेकडे काही कोसांवर कागलपलीकडे कन्नड मुलूख सुरू होतो. चिकोडी, हुक्केरी, बेळगाव या बाजूला ऊस तसाच उभा असतो आणि त्याच्या गाळपाचा हंगामही बहुतांशी तोच. बाळासाठी कन्नडमध्ये ‘मगू’ हा शब्द आहे. तो नपुंसकलिंगी आहे. ‘अत्ते’ म्हणजे आत्या, आणि ‘अत्ते’ म्हणजेच सासू. मामाच्या मुलीशी लग्न तेथेही रूढ आहे, आणि पहिलटकरीण तेथेही तवरमने, म्हणजे माहेर, गाठते. हिंदीत जे जे गळाले ते जवळजवळ सर्व या शेजारच्या भाषेत आयते होते. तुळसाबाईला तेथे नाव तेवढे बदलावे लागले असते.